ढील

पहिल्या दिवशी घोड्याला हातसुद्धा लावू दिला नाही.
कुंपणाच्या खांबाला दोरी बांधायची,
एका झटक्यात सुटेल अशी गाठ,
सोडायची. पुन्हा मारायची. सोडायची.
बांधलेलं जनावर बिथरलं, मायते म्हणाली,
की गाठ उकलत बसायला वेळ नसतो.
आणि उजवा हात वर केला.
अंगठ्याच्या जागी गुळगुळीत टेंगूळ.

मायते इतुरियागा, वय एकाहत्तर.
आजा बास्क मुलखातून नेवाडात आला मेंढ्या राखायला,
नात गाईंकडे वळली,
घरात त्यावरून अजून टोमणे.
पठारभर सेजब्रशची करडी झुडपं,
त्यांचा कडवट वास कपड्यांत, कॉफीत, उशीत.

आम्ही पाच जण.
बॉइझीचा एक, दातांच्या कवळ्या बनवणारा.
दोघी जुळ्या बहिणी, एकमेकींशी अबोला.
एकोणीस वर्षांचा टकर,
ज्याच्या टोपीवर अजून किमतीचं लेबल.
आणि मी. तेवीस वर्षं बायकांच्या तुरुंगात.
किल्ल्यांच्या बाजूला.

दुसरा दिवस खोट्या वासराचा.
गवताच्या गठ्ठ्यात खोचलेलं प्लास्टिकचं मुंडकं,
डोळे कुणीतरी मार्करनं काढलेले, जरा चकित.
माझा फास पडला टकरच्या टोपीवर,
खांबावर,
माझ्याच बुटावर.
मुंडकं तसंच, चकित.
संध्याकाळी कवळीवाला हळूच म्हणाला,
एकशे चाळीस टाकलेस, एकतीस लागले.
त्याला मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या घोड्याचं नाव रिसीट.
विकत आणला त्या दिवशी
स्वतःचीच पावती खाल्ली, म्हणून.
त्याला एक पाऊल मागे घ्यायचं होतं.
मी लगाम ओढला. तो दगड.
आणखी ओढला. आणखी दगड.
ओढतेस ते कळतं त्याला, मायते म्हणाली,
थांबतेस कधी ते कळत नाही.
त्यानं विचार केला की सोड.
पाऊल टाकल्यावर नाही. विचार केल्यावर.

आता घोड्याचा विचार दिसणार कुठे?
कानात, म्हणाली. नाहीतर ओठांत.

तेवीस वर्षांत मी कुणाच्या ओठांकडे
असं पाहिलं नव्हतं.
हात पाहायचे. हात, खिसे, बुटांचे तळवे.

त्या दुपारी नुसती त्याच्या कानाकडे बघत बसले.
डावा कान माझ्याकडे वळला, अगदी बोटभर,
आणि मी ढील दिली.
काहीच झालं नाही.
मग त्यानं जीभ फिरवली, उसासा टाकला,
आणि एक खूर मागे.

चौथ्या सकाळी अठ्ठावीस गाई,
गवतावर दहिवर गोठलेलं,
श्वासांची वाफ.
खांद्याच्या मागे राहिलीस तर गाय पुढे जाईल,
पुढे गेलीस तर वळेल,
फार जवळ गेलीस तर तुझ्यावरून जाईल.
ओरडायचं नाही.
एवढंच शिकवणं होतं, बाकी आपलं आपण.

फाटकाच्या तोंडाशी एक तांबडी अडली.
थंडीनं खाल्लेली कानांची टोकं,
मान खाली, नजर माझ्यावर.
मागे सगळी खोळंबलेली.
या प्रसंगासाठी माझ्याकडे एक आवाज आहे,
लांब बोळातून शेवटच्या कोठडीपर्यंत पोचणारा.
तो घशापर्यंत आला.
रिसीटचा कान हलला. त्यालाही ऐकू आला असावा,
निघण्याआधीच.

मी तो गिळला. लगाम जेमतेम उचलला,
सोडला.
आम्ही एक पाऊल मागे.
तांबडीनं मोकळी जागा पाहिली,
मला पाहिलं,
आणि ही कल्पना मुळात तिचीच असल्यासारखी
फाटकातून निघून गेली.
मागोमाग सत्तावीस.

जेवताना जुळ्यांपैकी एक दुसरीला म्हणाली,
मीठ दे.
सगळे चमचे क्षणभर थांबले.

तेवढ्यात मायतेला आठवलं:
फाटक! कुणी लावलं का फाटक?
मी उठले. ते काम मला
कुणी शिकवायला नको होतं.
अंधारात गाईंचं रवंथ ऐकू येत होतं.
कडीचा खणकन आवाज होऊ नये म्हणून
साखळी मुठीत धरली,
आणि एकेक दुवा करत
हळूहळू सोडली.